प्रत्येक मृत्यूला कारण तयार असते: एथिक्स कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या एथिक्स कमिट्यांचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
त्यातही वकील, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक म्हणून नेमलेले सदस्य

विषय: एचआयव्हीच्या प्रगत अवस्थेतील रुग्णांवर प्रतिजैविकांची ट्रायल मंजूर करताना काय तपासावे

सप्रेम नमस्कार.

सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या रक्तातल्या पेशी, २०० च्या, कधी १०० च्याही खाली गेलेल्या रुग्णांना क्षयरोग, साल्मोनेला, न्यूमोकॉकस, नोकार्डिया, मॅक असे जिवाणू गाठतात. त्यांच्यावरच्या उपचारांचे प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचे आराखडे, आपल्यासमोर येतात. कुठे क्षयावरच्या रिफॅम्पिसिनचा डोस वाढवलेला असतो, कुठे कोर्स कमी केलेला, कुठे अझिथ्रोमायसिन प्रतिबंधासाठी दिलेले. फाइल दीडशे पानांची, बैठक दोन तासांची आणि त्या दिवशीच्या अजेंड्यावर अशा दहा फायली. बहुतेक वेळ संमतिपत्राच्या भाषेवर जातो. तोही द्यायलाच हवा, पण अशा ट्रायलमध्ये माणूस दगावतो तो दुसऱ्याच पानांवर. ती पाने कोणती, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मुद्दा थोडक्यात असा. या आजारात प्रत्येक मृत्यूला कारण आधीच तयार असते. रुग्ण गेला की फॉर्मवर ‘प्रगत एचआयव्ही, ट्रायलच्या औषधाशी संबंध नाही’ असे लिहिले जाते. एकेका फॉर्मकडे पाहिले तर त्यात खोटे काही नसते. औषधाने केलेले नुकसान दिसते ते दोन्ही गटांतले मृत्यू शेजारीशेजारी ठेवून मोजल्यावरच.

हे कळले ते १९९० च्या दशकात, अमेरिकेत, मॅकच्या ट्रायल्समधून. मॅक म्हणजे मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद माती-पाण्यात सगळीकडे असतो आणि सीडी४ ५० च्या खाली गेले की थेट रक्तात उतरतो. ताप, घाम, वजन घटणे, रक्त कमी होणे. क्लॅरिथ्रोमायसिन आले तेव्हा पहिल्यांदाच रक्तातले जंतू भराभर उतरताना दिसले. डोस ठरवण्यासाठी १५४ रुग्णांवर ट्रायल झाली, दिवसातून दोनदा ५००, १००० किंवा २००० मिलिग्रॅम. निकाल १९९४ मध्ये छापून आला. जंतू तिन्ही गटांत उतरले, जास्त डोसने आणखी लवकर. पण पहिल्या १२ आठवड्यांत सर्वांत कमी मृत्यू झाले ते ५०० च्या गटात. पुढे दुसऱ्या एका ट्रायलमध्ये ८५ रुग्णांत ५०० आणि १००० मिलिग्रॅमची तुलना झाली. साधारण साडेचार महिन्यांत ५०० च्या गटात ४५ पैकी १० जण दगावले, १००० च्या गटात ४० पैकी १७. देखरेख मंडळाने तो डोस थांबवला. जास्त डोसने माणसे का गेली, याचे समाधानकारक उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही.

क्लोफॅझिमिनचे तसेच. हे औषध आपल्याकडे घराघरात माहीत आहे, कुष्ठरोगाच्या पाकिटातली कातडी काळपट-तांबूस करणारी गोळी. प्रयोगशाळेत ते मॅकवर चालत होते, म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉलच्या जोडीला ते देऊन पाहिले. १९९७ मध्ये आलेल्या निकालात दोन औषधांच्या गटात ३८ टक्के मृत्यू होते, क्लोफॅझिमिन जोडलेल्या गटात ६१ टक्के. जंतू उतरण्यात फरक पडलाच नव्हता. कुष्ठरोगात आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात क्लोफॅझिमिन आजही उपयोगी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण कल्पना करा, त्या ट्रायलमधला एकेक मृत्यू वेगळा पाहणाऱ्या डॉक्टरला काय दिसले असेल? एड्सचा रुग्ण, रक्तात मॅक, वजन चाळीस किलो. संशय घेण्यासारखे काहीच नाही.

म्हणून पहिले पान उघडावे ते ‘मुख्य निष्कर्ष’ किंवा ‘प्रायमरी एंडपॉइंट’चे. तिथे फक्त ‘८ आठवड्यांनी कल्चर निगेटिव्ह’, म्हणजे नमुन्यात जंतू उगवले नाहीत, असे लिहिले असेल तर विचारा, मृत्यू कुठे मोजले आहेत? लहान ट्रायलमध्ये मृत्यू हा मुख्य निष्कर्ष ठेवता येत नाही, कारण त्याला रुग्णसंख्या फार लागते. हे उत्तर बरोबर आहे. पण मग गटनिहाय मृत्यूंवर ट्रायल थांबवण्याचा नियम तरी लेखी हवा. किती रुग्ण भरती झाल्यावर पहिली मोजणी होणार, ती कोण करणार, किती फरक दिसला की भरती थांबणार. ही मोजणी डेटा आणि सुरक्षितता देखरेख मंडळाने, म्हणजे डीएसएमबीने करायची. कोणता गट कोणते औषध घेतो हे त्याला कळायला हवे. स्पॉन्सरच्या, म्हणजे ट्रायलचा खर्च करणाऱ्याच्या, पगारावरचा वैद्यकीय अधिकारी म्हणजे डीएसएमबी नव्हे. ‘गंभीर घटना नियमानुसार २४ तासांत कळवल्या जातील’ एवढ्यावरही समाधान मानू नका. ते कळवणे कायद्याने बंधनकारकच आहे आणि त्यातून येतात ते सुटे फॉर्म.

याच पानावर ‘संपर्क तुटलेले रुग्ण’ कसे धरणार ते पाहा. या आजारात संपर्क तुटलेल्यांपैकी बरेच जण मरण पावलेले असतात. गावी जाऊन वारतात, केंद्राला पत्ता लागत नाही. मृत्यू ५ टक्के आणि संपर्क तुटलेले १५ टक्के अशा ट्रायलचा निकाल वाचण्यात अर्थ नाही. ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवायची योजना प्रोटोकॉलमध्ये हवी आणि तिच्यासाठी पैसे बजेटमध्ये. भरतीच्या वेळी रुग्णाच्या पसंतीचे दोन संपर्क, प्रत्येकाला एचआयव्हीबद्दल माहीत आहे की नाही याची नोंद, फोनवर कोण म्हणून बोलायचे याचे आधी ठरलेले वाक्य. घरी जाणाऱ्याच्या बॅगेवर संस्थेचे नाव नको. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि गोपनीयता त्यात कायदेशीर हक्क आहे. ट्रायलसाठी तो शिथिल होत नाही.

प्रयोगशाळा उलट्या बाजूनेही चकवते. झांबियात एचआयव्ही असलेल्या ५४१ मुलांवर कोट्रायमोक्साझोलची ट्रायल झाली, आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून ओळखली जाते तीच गोळी. तिथले जंतू या औषधाला ६० ते ८० टक्के दाद देत नव्हते. कागदावर पाहिले तर ट्रायल करण्यात अर्थच नव्हता. पण मृत्यू प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, गटात ४२ टक्के आणि कोट्रायमोक्साझोलच्या गटात २८ टक्के झाले, ट्रायल मुदतीआधी थांबवली आणि २००४ मध्ये निकाल जाहीर झाला. रोज ९६० मिलिग्रॅमची ती स्वस्त गोळी आज प्रगत एचआयव्हीच्या उपचाराचा पाया आहे. तेव्हा आपल्यासमोरच्या प्रोटोकॉलमध्ये कुठल्याही गटाची कोट्रायमोक्साझोल बंद ठेवलेली दिसली, ‘निकालात गोंधळ नको म्हणून’ असे कारण दिले असले तरी, मंजुरी देऊ नका.

औषधे वाढवली की जीव वाचतात हे गृहीतही तपासून झाले आहे. सीडी४ ५० च्या खाली असलेल्या ८५० रुग्णांना, क्षय सिद्ध झालेला नसताना, भारतासह दहा देशांत दोन गटांत विभागले. एका गटाला एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, आणि सोबत क्षयाची चारही औषधे, दुसऱ्याला एआरटीसोबत फक्त आयसोनियाझिड. २४ आठवड्यांत दोन्हीकडे बरोबर २२-२२ जण दगावले किंवा त्यांचा पत्ता लागला नाही. नंतर आयव्हरी कोस्ट, युगांडा, कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये तसाच प्रश्न हजारावर रुग्णांत विचारला. फायदा पुन्हा दिसला नाही, औषधांचे गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले. याउलट आफ्रिकेतल्या चार देशांत १८०५ रुग्णांच्या ट्रायलमध्ये एका गटाला १२ आठवडे आयसोनियाझिड-पायरिडॉक्सिन आणि फ्लुकोनाझोल, ५ दिवस अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम आणि अल्बेंडाझोलची एक गोळी असे कोट्रायमोक्साझोलवर जोडले. २४ आठवड्यांचे मृत्यू दुसऱ्या गटात १२.२ टक्के होते, या गटात ८.९. चार औषधांतल्या कुणाचे हे श्रेय, ते त्या ट्रायलमधून काढता येत नाही. म्हणून त्यातले एकटे अझिथ्रोमायसिन उचलून कुणी ‘पुरावा आहे’ म्हणत असेल तर तो पुरावा नाही. तपासायला हरकत नाही, पण नव्याने.

आपल्या देशातली एक ट्रायल प्रत्येक सदस्याला ठाऊक असावी. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात वर्षानुवर्षे आठवड्यातून तीनदा औषधे दिली जात, एचआयव्ही असलेल्यांनाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत एचआयव्हीच्या रुग्णांना रोज औषध द्या असे आले होते. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने ३३१ रुग्णांत तीन पद्धती पडताळल्या: रोज, पहिले दोन महिने रोज, आणि आठवड्यातून तीनदा. उपचार यशस्वी झाले ते अनुक्रमे ९१, ८० आणि ७७ टक्के. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांत चौघांच्या जंतूंनी उपचार चालू असताना रिफॅम्पिसिनला दाद देणे बंद केले. रोजच्या गटात असा एकही नाही. रोजच्या गटात यकृताचा त्रास जास्त झाला, हेही त्याच निकालात आहे. निकाल २०१८ मध्ये छापून आला. त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ पासून, देशभर रोजची औषधे सुरू झाली होती.

या चार रुग्णांचा धडा प्रोटोकॉलमध्ये शोधायचा तो असा: उपचार फसला किंवा आजार उलटला तर जंतूंची पुन्हा संवेदनशीलता तपासणी, म्हणजे त्यांच्यावर कोणते औषध चालते ती तपासणी, होणार का? सुरुवातीचा जंतू जपून ठेवणार का? ठेवला नसेल तर प्रतिकार औषधामुळे आला की रुग्णाला बाहेरून नवा संसर्ग झाला, हे कधीच सिद्ध होत नाही. उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन छोट्या नळ्या, प्रत्येक केंद्रावर. खर्च नगण्य, पण बजेटमधून सर्वांत आधी कापली जाणारी ओळ हीच.

दुसरा मोठा भाग औषधांच्या परस्परक्रियेचा. हे पान बहुधा परिशिष्टात, बारीक टाइपात असते. रिफॅम्पिसिन यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा जागी करते. मग एचआयव्हीवरचे डोल्युटेग्राव्हिर लवकर मोडते, म्हणून ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावे लागते, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे तसेच चालू ठेवावे लागते. आपल्याकडच्या एआरटी केंद्रात मिळणारी टीएलडी (डोल्युटेग्राव्हिर असलेली तीन औषधांची) एकत्रित गोळी दिवसातून एकदाच घ्यायची. संध्याकाळची जादा ५० मिलिग्रॅमची सुटी गोळी कोण देणार? ट्रायलचा फार्मासिस्ट म्हणतो एआरटी केंद्र, केंद्र म्हणते ट्रायल. मध्ये रुग्ण एका गोळीवर राहतो, विषाणू डोके वर काढतो आणि निकालपत्रात तो ‘एआरटी फसली’ म्हणून दिसतो. मंजुरीपूर्वी हा प्रश्न लेखी विचारा आणि एआरटी केंद्राचे पत्र जोडायला सांगा.

अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर घेणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या एआरटीवरच्या रुग्णाला रिफॅम्पिसिन चालतच नाही. तिथे रिफाब्युटिन लागते, रोज १५० मिलिग्रॅम. पण रिफाब्युटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर रक्तातले रिफाब्युटिन वाढते आणि डोळ्याच्या आत सूज येते. कॅनडातल्या मॅक ट्रायलमध्ये ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ६३ पैकी २४ जणांचे डोळे असे सुजले. डोस निम्मा केल्यावर ५३ पैकी ३. लाल डोळा, दुखणे, उजेड सहन न होणे ही तक्रार रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन जातो, ट्रायलच्या डॉक्टरकडे नाही. त्यासाठी रुग्णाच्या कार्डावर ती तीन लक्षणे आणि फोन नंबर छापलेले हवेत.

बायकांबद्दल एक गोष्ट हमखास निसटते. बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ‘गर्भनिरोधक वापरणे बंधनकारक’ अशी अट असते. त्याच प्रोटोकॉलमधले रिफॅम्पिसिन किंवा त्याच्याच कुळातले रिफापेंटिन गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. म्हणजे अट पाळणारी बाई गरोदर राहते आणि दोष तिच्याकडे जातो. तांबी किंवा कंडोम असे नाव घेऊन लिहायला लावा आणि तांबी बसवण्याची सोय केंद्रातच आहे का ते विचारा.

खाण्याचेही तसेच. रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी, रिफापेंटिन जेवणासोबत. आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, रिफापेंटिन ९०० आणि आयसोनियाझिड ९०० हा प्रतिबंधक कोर्स ट्रायलमध्ये असेल आणि औषध सकाळी आठला केंद्रावर समोर बसून घ्यायचे असेल, तर तिथे नाश्ता मिळणार का? पहाटेच्या एसटीने आलेला माणूस उपाशी असतो.

रक्ताचे अहवाल वाचण्यातही सापळे आहेत. कोट्रायमोक्साझोल आणि डोल्युटेग्राव्हिर दोन्ही मूत्रपिंडाला धक्का न लावता क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडे वाढवतात. एचआयव्हीवरचे टेनोफोव्हिर खरोखर इजा करून वाढवू शकते. तिन्ही औषधे एकाच रुग्णाला चालू असतात. प्रोटोकॉलमध्ये ‘क्रिएटिनिन वाढल्यास ट्रायलचे औषध थांबवा’ एवढेच असेल तर निम्मे रुग्ण विनाकारण औषध सोडतील आणि खरी इजा झालेला त्या गर्दीत दिसणार नाही. लघवीतली प्रथिने आणि रक्तातले फॉस्फेट सोबत मागवले पाहिजे. क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, बेडाक्विलिन, क्लोफॅझिमिन यांतली कुठलीही दोन एकत्र असतील तर ईसीजी ठरावीक दिवशी हवा, आणि क्यूटी, म्हणजे ही औषधे लांबवतात तो ईसीजीवरचा ठोक्याचा कालावधी, कोणत्या सूत्राने दुरुस्त करणार (बहुतेक ठिकाणी फ्रिडेरिशिया) आणि ५०० मिलिसेकंदांच्या वर गेल्यावर काय करणार हे नमूद हवे. लिनेझोलिडसोबत झिडोव्हुडिन असेल तर दोन्ही औषधे अस्थिमज्जेवर घाव घालतात. ती जोडी मान्य करू नका.

एआरटी कधी सुरू करणार, हेही ट्रायलच्या औषधाइतकेच महत्त्वाचे. कंबोडियात ६६१ क्षयरुग्णांत दोन आठवड्यांनी एआरटी सुरू केलेल्यांत १८ टक्के मृत्यू झाले, आठ आठवड्यांनी सुरू केलेल्यांत २७ टक्के. मेंदूज्वराच्या क्षयात मात्र ही घाई उपयोगी पडली नाही, व्हिएतनाममध्ये उलट त्रास वाढला. लवकर एआरटीने प्रतिकारशक्ती जागी होऊन गाठी फुगतात, ताप परततो, म्हणजेच आयरिस. दक्षिण आफ्रिकेतल्या २४० रुग्णांत प्रेडनिसोलोनच्या कुळातले प्रेडनिसोन पहिले १४ दिवस ४० मिलिग्रॅम आणि पुढचे १४ दिवस २० दिल्यावर आयरिस ४७ वरून साधारण ३३ टक्क्यांवर आला. प्रोटोकॉलमध्ये आयरिसची व्याख्याच नसेल तर तो ताप ‘प्रतिजैविक फसले’ म्हणून मोजला जाईल. दोन गटांत एआरटीचा दिवस वेगळा पडला तर औषधांची तुलनाच उरत नाही.

भारतात अशा प्रत्येक ट्रायलला आणखी एक कुंपण लागते: भरतीपूर्वी क्षय नाही याची खात्री. प्रतिबंधासाठी एकटे रिफाब्युटिन किंवा न्यूमोनियासाठी लेव्होफ्लॉक्सासिन दिले आणि आत क्षय लपलेला असला, तर काही दिवस बरे वाटते, निदान मागे पडते आणि क्षयाचा जंतू त्या औषधाला सरावतो. किमान तपासणी म्हणजे चार लक्षणांची विचारणा (खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम), छातीचा एक्स-रे, थुंकीवर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाच्या जंतूची जनुके शोधणाऱ्या तपासण्या) आणि लघवीवर लॅम पट्टी (क्षयाच्या जंतूचा अंश शोधणारी). लॅमची पट्टी सोपी वाटते, पण तिच्यातही चुका होतात. ६० मायक्रोलिटर लघवी, बरोबर २५ मिनिटांनी वाचन, तेही संदर्भ कार्ड शेजारी धरून. फिकट रेघ कार्डावरच्या पहिल्या रेघेपेक्षा फिकट असेल तर निगेटिव्ह. अर्ध्या तासाच्या खूप नंतर वाचली की रेघ उगीच उमटते. आणि थुंकीत आम्लरोधी जंतू दिसले पण सीबीनॅट निगेटिव्ह आले, तर तो मॅक किंवा त्याचा दुसरा भाऊबंद असू शकतो. अशा रुग्णाचे काय करायचे, याची वेगळी ओळ प्रोटोकॉलमध्ये हवी.

नमुने घेण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ट्रायलचा निकाल इथेच बिघडतो आणि कमिटी इथे क्वचितच विचारते. रक्ताचे कल्चर पहिल्या डोसच्या आधी, दोन वेगळ्या जागांवरून, प्रौढांच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. रक्त कमी घातले की जंतू सापडण्याची शक्यता तितकीच घटते. सिस्टर घाईत असली की तीन मिलिलिटर जाते आणि बाटलीवर त्याची खूण नसते. म्हणून आधी बाटलीच्या लेबलवर पेनने पातळीची रेघ मारायची, एवढा साधा उपाय आहे. मायकोबॅक्टेरियासाठीची बाटली वेगळी, तिच्यात ३ ते ५ मिलिलिटर आणि ती ४२ दिवस यंत्रात ठेवायची. साल्मोनेला एक-दोन दिवसांत उगवतो, मॅकला आठवडे लागतात. क्रम महत्त्वाचा: कल्चरच्या बाटल्या आधी, मग साधी ट्यूब, मग ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची ट्यूब). ईडीटीए आधी भरली आणि तिचा थेंब साध्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. कोट्रायमोक्साझोल पोटॅशियम खरेच वाढवते, त्यामुळे तो अहवाल कुणाला खोटा वाटत नाही आणि औषध थांबवले जाते. हिमोग्लोबिन ६ असलेल्या माणसाकडून पहिल्या दिवशी सगळ्या ट्यूब मिळून किती मिलिलिटर रक्त जाणार, याची बेरीज प्रोटोकॉलच्या वेळापत्रकात दिलेली असावी. नसेल तर करून घ्या, आकडा पाहून दचकाल.

थुंकीचे एमजीआयटी, म्हणजे द्रव माध्यमातले, कल्चर करणाऱ्या प्रयोगशाळेला दूषित नमुन्यांचे प्रमाण विचारा. ३ ते ८ टक्के हे निरोगी उत्तर. १५ म्हणजे निष्काळजीपणा. एक टक्का ऐकून खूश होऊ नका, नमुना सोडियम हायड्रॉक्साइडने इतका कडक धुतला जातो आहे की क्षयाचे जंतूही मरत असावेत. मग ‘८ आठवड्यांनी कल्चर निगेटिव्ह’ हे यश औषधाचे की धुलाईचे?

डोस वाढवण्याची ट्रायल असेल तर रक्तातले रिफॅम्पिसिन मोजणार का हे पाहा. जुलाब असलेल्या एचआयव्ही रुग्णात औषध आतड्यातून पुरते शोषले जात नाही. २ आणि ६ तासांनी नमुना घेतला तर दोन्ही कमी म्हणजे शोषण नाही, सहा तासांचा जास्त म्हणजे उशिरा शोषण. हा नमुना उजेडात आणि उन्हात टिकत नाही. लगेच प्लाझ्मा वेगळा करून, थंड ठेवून गोठवावा लागतो. दुपारच्या कुरिअरने दुसऱ्या शहरात जाणार असेल तर येणारा आकडा कमीच येईल आणि डोस आणखी वाढवावा असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

संमतिपत्राबद्दल एकच. ‘या औषधाने जंतू लवकर मरतात असे दिसले आहे’ हे वाक्य असेल तर त्याच्या शेजारी हे वाक्य हवे: ‘जंतू लवकर मेले तरी माणूस जास्त जगतो असे अजून सिद्ध झालेले नाही, आणि तेच शोधण्यासाठी हा अभ्यास आहे.’ रुग्णाला हे समजते. मांडणी गुंतागुंतीची वाटते ती आपल्याला.

शेवटी भरपाई. नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ प्रमाणे ट्रायलमुळे मृत्यू झाला तर रक्कम सूत्राने ठरते: मूळ ८ लाख रुपये, गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. निरोगी स्वयंसेवकाला जोखमीचा घटक ४ लागतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची अपेक्षा नसलेल्या रुग्णाला ०.५. म्हणजे त्याच वयाच्या माणसाच्या कुटुंबाला एक अष्टमांश रक्कम. सीडी४ १०० च्या खाली म्हटले की ‘मरणासन्न’ या रकान्यावर खूण करण्याचा मोह होतो. वर दिलेली आफ्रिकेतली ट्रायल पुन्हा पाहा. सीडी४ १०० च्या खाली असलेल्या, जादा औषधे न मिळालेल्या गटातही २४ आठवड्यांनी ८७ टक्क्यांहून अधिक जण जिवंत होते. ०.५ चा घटक या रुग्णांना बसत नाही. मृत्यू झाल्यावर, फाइल बंद करण्याच्या घाईत हा घटक ठरू देऊ नका. भरतीचे निकष मंजूर करताना त्याच बैठकीत, त्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाचा जोखमीचा घटक काय धरायचा हे इतिवृत्तात नोंदवा आणि स्पॉन्सरची सही घ्या. शैक्षणिक ट्रायलमध्ये स्पॉन्सर कंपनी नसते. तिथे संस्थेने विमा काढला आहे का आणि त्या पॉलिसीतून एचआयव्ही वगळलेला नाही ना, हे पॉलिसीची प्रत मागवून वाचा. वगळण्याचे कलम बहुधा शेवटच्या पानावर असते.

आपले,
एचआयव्ही आणि क्षयरोगाचे उपचार, प्रयोगशाळा व औषधशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे